पुस्तक मिटल्यावर : नववीतल्या एका कष्टाळू मुलीच्या अभ्यासाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची अनुदानित माध्यमिक शाळा आहे. मी तिथे विज्ञान शिकवते. मराठी माध्यम, नववीच्या तुकडीत ५४ मुलं, त्यातली निम्मी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येणारी. या प्रकरणातली मुलगी त्यांच्यापैकीच एक. तिला इथे सायली म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सायलीचे वडील टेम्पो चालवतात, आई घरी शिवणकाम करते. आईचं शिक्षण सातवीपर्यंत. आठवीपर्यंत सायली शाळेत 'चांगली मुलगी' गणली जायची. वही नीटनेटकी, गृहपाठ वेळेवर, अक्षर मोत्यासारखं. गुणही बरे मिळायचे, कारण चाचणीतले बरेचसे प्रश्न धड्याखालच्या स्वाध्यायातलेच असायचे आणि त्यांची उत्तरं तिला शब्दन् शब्द पाठ असायची. नववीत आम्ही प्रश्न थोडे फिरवून विचारतो. 'कारण सांगा', 'असं झालं तर काय होईल', उदाहरणं सोडवा. तिथून तिची घसरण सुरू झाली.

अडचण

पहिल्या घटक चाचणीत विज्ञानात तिला २० पैकी ६ गुण पडले. गणितातही तीच गत. पालकसभेला आई आली ती रडवेली होऊन. म्हणाली, "मॅडम, पोरगी रात्री अकरा-साडेअकरापर्यंत पुस्तक सोडंना. मग असं कसं हो?"

त्या वेळी मी दिलेलं उत्तर मला आजही बोचतं. मी म्हणाले, "ताई, काळजी करू नका. अजून थोडी मेहनत घेतली की होईल. हिच्यात कुवत आहे." सायली शेजारीच उभी होती. तिच्या वहीवरही मी तसंच लिहिलं : प्रयत्न वाढव, तुला नक्की जमेल.

माझा हेतू चांगलाच होता. प्रशिक्षणात मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या संशोधनाबद्दल ऐकलं होतं : बुद्धी जन्मानं ठरलेली नसते, ती वाढवता येते असं मानणारं मूल अपयशानंतरही टिकून राहतं. त्यातून मी एवढंच उचललं की प्रयत्नांना शाबासकी द्यायची आणि आणखी प्रयत्न करायला सांगायचं. स्वतः ड्वेक यांनी २०१५ मध्ये एका लेखातून याच गैरसमजाबद्दल सावध केलं होतं. नुसतं प्रयत्नांचं कौतुक पुरत नाही, अडलेल्या मुलाला नवी पद्धत, नवा मार्ग शोधून द्यावा लागतो, असं त्यांनी लिहिलं होतं. तो भाग माझ्यापर्यंत फार उशिरा पोचला.

आता सायलीच्या जागी उभं राहून बघा. जी मुलगी आधीच रात्री साडेअकरापर्यंत जागते, तिला 'प्रयत्न वाढव' या शब्दांत काय ऐकू येणार? आहेत ते सगळे कष्ट करूनही जमत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी खोट आहे. पुढच्या तीन आठवड्यांत तिनं वर्गात हात वर करणं बंद केलं. तिच्या मैत्रिणीनं एकदा मला सांगितलं, "मॅडम, ती म्हणते, मी ढ आहे, मला विज्ञान कळत नाही."

प्रयोगशाळेतली वीस मिनिटं

ऑगस्टच्या अखेरीला एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिला प्रयोगशाळेत थांबवून घेतलं. 'धाराविद्युत' हा धडा वर्गात नुकताच झाला होता. तिला म्हटलं, "तू घरी जसा करतेस तसाच अभ्यास इथे कर. मी काही बोलणार नाही."

तिनं पुस्तक उघडलं. सगळं पान आधीच रंगलेलं होतं : व्याख्यांना लाल, सूत्रांना हिरवी आणि बाकीच्या 'महत्त्वाच्या' ओळींना पिवळी रेघ. ती पुटपुटत वाचू लागली. ओहमच्या नियमाचा भाग तीनदा वाचला. मग वही काढून तीच व्याख्या समोर बघून दोनदा लिहिली. कुठे रेंगाळली नाही, कुठे टंगळमंगळ केली नाही. वीस मिनिटं सलग.

मी विचारलं, "आता किती येतंय असं वाटतं?"

"सगळं येतंय मॅडम."

पुस्तक आणि वही मिटून माझ्याकडे घेतली. "रोध दुप्पट केला आणि विभवांतर तेवढंच ठेवलं, तर विद्युतधारेचं काय होईल?"

ती गप्प. मग मी सोपं केलं : ओहमचा नियम तुझ्या शब्दांत सांग. तिनं सुरुवात केली, "वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना..." आणि तिथेच अडकली. पुढची ओळ येईना. डोळ्यांत पाणी आलं. मी पुस्तक परत उघडून दिल्यावर तिनं पानाकडे बघून जे म्हटलं त्यातच हे सगळं प्रकरण आहे : "हे तर मला येत होतं!"

तिला ते खरंच 'येत' होतं. समोर दिसल्यावर ओळखीचं वाटत होतं. ओळखणं आणि आठवणं ही स्मृतीची दोन वेगळी कामं आहेत आणि परीक्षा दुसऱ्या कामाची असते. तिसऱ्यांदा वाचताना ओळी सरसर जातात, जीभ अडखळत नाही आणि त्या सहजपणालाच मन 'मला कळलं' असं समजतं. ही फसगत एकट्या सायलीची नाही. २००९ मध्ये जेफ्री कार्पिकी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १७७ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या सवयी विचारल्या. ८४ टक्क्यांनी पुन्हा वाचतो असं सांगितलं, स्वतःला आठवून बघतो असं सांगणारे जेमतेम ११ टक्के निघाले.

मुलगी आळशी नाही, मंदही नाही, हे मला त्या दिवशी पटलं. पण घाईनं निदान ठरवायचं नव्हतं. सोमवारी मी तिला न वाचलेला एक मराठी उतारा वाचायला दिला आणि त्यावर तोंडी प्रश्न विचारले. मुळात वाचनच कच्चं असेल, ही शंका आमच्या भागात घ्यावीच लागते. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून हेच दाखवत आली आहे की वरच्या इयत्तेत बसलेल्या कित्येक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही सलग वाचता येत नाही. सायलीनं उतारा वाचला, अर्थही नीट सांगितला. वाचनाची अडचण नव्हती.

समोर असलेले मार्ग

शिक्षकखोलीत मी हा विषय काढला तेव्हा प्रत्येकाकडे एक उपाय होता.

गणिताच्या सरांचं मत, जादा तासाला बसवा. शाळा सुटल्यावर चाळीस मिनिटं पुन्हा शिकवायचं. त्यात दोन अडचणी होत्या. तिची शेवटची सोयीची एसटी चुकली असती. शिवाय तेच पुन्हा ऐकणं म्हणजे तेच पुन्हा वाचण्यासारखं. ऐकताना कळल्यासारखं वाटलंच असतं.

दुसरा मार्ग गाइडचा. आईनं तर पैसे बाजूला काढूनही ठेवले होते. तयार उत्तरं पाठ करणं हाच तर मूळ रोग होता, म्हणून मी आईला थांबवलं.

एका सहकारी मॅडमनी सुचवलं, "ती बघून शिकणारी असेल, तिला चित्रांतून शिकवा. काही मुलं ऐकून शिकतात, काही बघून." ही कल्पना आपल्याकडच्या प्रशिक्षणांत वर्षानुवर्षं फिरते आहे आणि शिक्षकांना ती मनापासून पटते. पण २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाची 'शैली' ओळखून तशा पद्धतीनं शिकवल्यास जास्त शिकणं होतं याला पुरेसा आधार सापडला नाही. विद्युत परिपथाची आकृती सगळ्यांनीच काढायला हवी, ती विषयाची गरज आहे. त्यासाठी सायलीवर वेगळा शिक्का नको होता.

चौथा मार्ग होता फक्त तिच्यापुरती पद्धत बदलण्याचा आणि पाचवा सगळ्या वर्गासाठी बदलण्याचा. मी पाचवा निवडला. एकट्या सायलीला वेगळं काही करायला लावलं असतं तर 'मी ढ' यावर माझ्याच हातून शिक्कामोर्तब झालं असतं. शिवाय ५४ वह्या चाळल्या तेव्हा तिरंगी रेघा पंचवीस-तीस वह्यांत तरी होत्या.

कुठली पद्धत, याचं उत्तर जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या आढाव्यात मिळालं. अभ्यासाच्या दहा पद्धती त्यांनी तोलून पाहिल्या. अधोरेखन आणि पुनर्वाचन खालच्या पायरीवर. वरच्या पायरीवर दोनच : स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास थोडा थोडा, दिवसांच्या अंतरानं करणं. वाचताना मला आजोबांचा परवचा आठवला. तिन्हीसांजेला दिवा लागला की पुस्तकाशिवाय पाढे म्हणायचे, पावकी-निमकीसकट. अडलं तर आजोबा पुढचा शब्द सांगायचे. रोज, न बघता, मोठ्यानं. अर्थ न समजता पाठ करण्याचा दोष त्यात होताच, पण आठवून म्हणण्याची जी शिस्त होती तीही आपण त्याच्याबरोबर सोडून दिली.

काय केलं

सप्टेंबरपासून विज्ञानाच्या प्रत्येक तासाची पहिली पाच मिनिटं तीन प्रश्नांना दिली. एक कालच्या भागावर, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तकं दप्तरात, कागदाच्या चिटोऱ्यावर उत्तर.

इथे माझी पहिली मोठी चूक झाली. मुलं गांभीर्यानं घेतील म्हणून मी या प्रश्नांना गुण ठेवले आणि आठवड्याचा तक्ता भिंतीवर लावला. दोन आठवड्यांत वर्गाचा रंग पालटला. शेजाऱ्याच्या चिटोऱ्यात डोकावणं सुरू झालं. सायली पहिल्या तासाला उशिरा येऊ लागली, कारण एसटी. पण त्याच एसटीनं येणाऱ्या तिच्या मैत्रिणी वेळेवर वर्गात असायच्या. तक्त्यात तिचं नाव खालून चौथं होतं. ज्या मुलीला 'विसरलं तरी चालेल, आठवून बघ' हे शिकवायचं होतं, तिला मी रोज सकाळी सगळ्यांसमोर विसरायला लावत होते.

इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाला फक्त शेरा, एकाला फक्त गुण आणि एकाला गुण व शेरा दोन्ही दिले होते. फक्त शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सरस ठरली. गुण आले की शेऱ्याचा उपयोग जवळजवळ पुसला गेला. हे वाचल्यावर तक्ता उतरवला, गुण बंद केले. मुलांनी आपापलं उत्तर हिरव्या पेनानं स्वतः दुरुस्त करायचं आणि चिटोरा स्वतःकडेच ठेवायचा. मी फक्त वर्गातून फिरत कुठला प्रश्न बहुतेकांना अडला ते बघायची आणि तेवढाच भाग पुन्हा घ्यायची. पुढच्या सोमवारी सायली वेळेवर आली.

घरच्या अभ्यासासाठी 'कोरा कागद' ठरला. धडा एकदा लक्ष देऊन वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते आकृतीसकट लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं हिरव्या पेनानं भरायचं. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्यानं पुन्हा. प्रवासासाठी जुन्या लग्नपत्रिका कापून कार्डं केली : कोऱ्या बाजूला प्रश्न, छापील बाजूवर पांढरा कागद चिकटवून उत्तर. एसटीत चाळीस मिनिटं मुली एकमेकींना विचारायच्या.

दुसऱ्या आठवड्यात सायली कार्डं घेऊन परत आली. "मॅडम, हे मला जमत नाही. आधी वाचलं की सगळं येत होतं. आता कागद कोराच राहतो. मी वाचूनच करते."

हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक टप्पा होता. संशोधक रॉबर्ट ब्योर्क अशा अडचणींना 'हव्याशा अडचणी' म्हणतात : शिकताना जड जातात, वेग कमी करतात, पण पुढे टिकतात. हे मला पटत होतं, पण तिला त्या क्षणी फक्त आपलं न येणं दिसत होतं. तिला व्याख्यान देऊन भागणार नव्हतं. म्हणून सगळ्या वर्गालाच एक करून बघायला लावलं.

वनस्पतींच्या वर्गीकरणाचं एक पान सगळ्यांनी एकदा वाचलं. मग भिंतीकडच्या रांगांनी तेच पान पुन्हा वाचलं आणि खिडकीकडच्या रांगांनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. सायली खिडकीकडे होती. पाच मिनिटांनी आठ प्रश्न विचारले. पुन्हा वाचणारे पुढे. खिडकीकडचे हिरमुसले. आठवड्यानं, कुणालाही आधी न सांगता, तेच आठ प्रश्न. या वेळी खिडकीकडच्या रांगांची बरोबर उत्तरं जास्त भरली. फरक फार मोठा नव्हता आणि एका वर्गातल्या एका पानावरून काही सिद्धही होत नाही. पण मुलांनी तो आपल्या चिटोऱ्यांवर मोजला होता. मग मी फळ्यावर हेन्री रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगाचे आकडे लिहिले. पाच मिनिटांनंतर : दोनदा वाचणारे ८१ टक्के, एकदा वाचून एकदा आठवणारे ७५. आठवड्यानंतर : ४२ आणि ५६. सायली बराच वेळ फळ्याकडे बघत होती. तास संपल्यावर कार्डं परत मागून घेऊन गेली.

परिणाम

चमत्कार झाला नाही. प्रथम सत्रापर्यंत फारसा फरक दिसला नाही. दुसऱ्या घटक चाचणीत तिला २० पैकी ११ गुण मिळाले. 'कारण सांगा' या प्रश्नाखाली तिनं पहिल्यांदाच पुस्तकातलं नसलेलं वाक्य लिहिलं होतं. व्याकरण चुकलेलं, पण विचार बरोबर. मला त्या गुणांपेक्षा ते वाक्य मोठं वाटलं. रात्रीचं जागरण दहापर्यंत आलं. फेब्रुवारीत तिनं वर्गात हात वर केला. उत्तर चुकलं, तरी ती खाली मान घालून बसली नाही. दोन मिनिटांनी पुन्हा हात वर केला.

उदाहरणं मात्र अडलेलीच राहिली. सूत्र आठवायचं, पण कुठलं सूत्र कुठे लावायचं हे कळायचं नाही. वर्गातल्या इतर काही मुलांचंही तसंच. आणि दोन मुलांना तर या सगळ्याचा जवळजवळ काहीच उपयोग झाला नाही. ऊसतोडीच्या हंगामात ती दोघं महिनाभर शाळेत नव्हती. अंतरानं केलेली उजळणी उपस्थितीवर उभी असते आणि त्यांच्यासाठी मी वेगळी सोय केली नव्हती.

काय वेगळं करता आलं असतं

पालकसभेत मी 'अजून मेहनत' म्हणायच्या आधी एकच प्रश्न विचारायला हवा होता : अभ्यास करते म्हणजे नेमकं काय करते? प्रयोगशाळेतली ती वीस मिनिटं जुलैतच घेता आली असती. मानसिकता बदलण्याच्या, म्हणजे ड्वेक यांच्या वाटेच्या, संशोधनावर माझा राग नाही. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे १२ हजार नववीच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन सत्रानं मागे पडलेल्या मुलांची श्रेणी सरासरी ०.१ गुणांकानं वाढली. एवढ्या कमी खर्चात हे मोलाचंच आहे, पण ते तेवढंच आहे. माझ्या एका शेऱ्यानं सायलीचं विज्ञान सुधारेल ही अपेक्षा त्या पुराव्यातून निघत नव्हती.

उदाहरणांच्या बाबतीत मी वेगळ्या वाटेनं जायला हवं होतं. माझे तीन प्रश्न बहुतेक व्याख्या आणि कारणांचेच असायचे. ज्याला पद्धतच उमगलेली नाही त्यानं आठवायचं काय? आधी पूर्ण सोडवलेली उदाहरणं, मग अर्धी सोडवलेली, मग कोरी, असा उतरता आधार द्यायला हवा होता. त्यानंतर वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणं मिसळून. डग रोहरर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या गणितात तसं करून पाहिलं, तेव्हा महिन्याभरानंतरच्या चाचणीत मिसळून सराव केलेल्या मुलांचे ७४ टक्के आले आणि एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांचे ४२. आपल्या पुस्तकातल्या उदाहरणसंग्रहात एकाच सूत्राची पाच उदाहरणं ओळीनं येतात, त्यामुळे सूत्र निवडण्याची वेळच येत नाही. यंदाच्या नववीला मी तो संग्रह कापून, तीन धड्यांची उदाहरणं उलटसुलट करून देते आहे.

आणि आईला मी विसरले. जानेवारीत सायलीनं सांगितलं की घरी रोज भांडण होतं. आई म्हणते, पुस्तक मिटून बसलीस म्हणजे अभ्यास नाही. दहालाच झोपतेस म्हणजे नाद सोडलास. आईच्या बाजूनं ते बरोबरच होतं. हातात उघडं पुस्तक हीच त्या घरातली अभ्यासाची खूण होती आणि ती मी काढून घेतली होती, आईला एका शब्दानं न सांगता. सप्टेंबरमध्ये, मुलांना सांगायच्या आधी, पालकांना बोलवायला हवं होतं.

सायलीनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. पत्रिकांची कार्डं टेबलावर मांडून सगळं समजावलं. तिनं एक कार्ड उचललं, उलटून उत्तर वाचलं, परत पालथं घातलं.

"उत्तर मागं लिहिलेलंच हाय की," ती म्हणाली. "मग रोज रातच्याला मी इचारीन तिला. शिलाई चालू असली तरी जमंल मला."

त्या संध्याकाळी ती सगळी कार्डं पिशवीत घालून घेऊन गेली.